जत्रेतलं भूत कुणाला दिसतं?

नवरा-बायकोची भयकादंबरी लिहायला घेतली तेव्हा पडका वाडा नकोच होता. वाड्यात माणूस आधीच बिचकून शिरतो. जत्रेत तो निर्धास्त असतो, खिशात सुटे पैसे, हातात बायकोचा हात. रे ब्रॅडबरीनं १९६२च्या कादंबरीत फिरत्या आनंदमेळ्यातून भीती उभी केली, पण तिथं दोन मुलगे आहेत. मला जोडपं हवं होतं.

त्याचं कारण आपल्या भुतांतच आहे. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला पोरगा पिंपळावरचा मुंजा होतो, सवाष्ण गेलेली बाई जखीण होते. संसार कुठं अडला, त्यावर भूत ठरतं. जत्राही नवी नाही, अमावस्येला दिवट्या घेऊन निघणारी वेताळाची पालखी आजीच्या तोंडून कुणी ऐकली नाही? कोल्हापुरात तर वेताळमाळ तालमीची पोरं त्याच्या नावावर फुटबॉल खेळतात.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, चांगभलंचा गजर होतो आणि गुलालानं सगळी तोंडं एकसारखी होतात. शेजारी उभा असलेला आपला माणूस क्षणभर ओळखू येत नाही. देवाच्या डोंगरावर मी भूत नेणार नाही. कादंबरीतली जत्रा पंचगंगेकाठच्या कल्पित गावाची आहे. गुलाल मात्र जोतिबाचा घेतला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मौत का कुआँच्या प्रकरणात. वरच्या कठड्याशी उभं राहिलं की मोटरसायकल उभ्या भिंतीवर चढताना पायांखालच्या फळ्या थरथरतात, पेट्रोलचा धूर नाकात जातो, जनरेटरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं विरतं. लोक दहाची नोट बाहेर धरतात आणि स्वार चालत्या गाडीवरून ती उचलतो. माझ्या कादंबरीत खेळ संपलाय, गाडी खाली उभी आहे. तरी फळ्या थरथरतात आणि नवऱ्यानं गमतीनं धरलेली नोट जाते. त्याला वाटतं, वाऱ्यानं गेली. बायकोला स्वार दिसलेला असतो.

इथून पुढं भूत मागे पडतं. दोघांच्या कथेतला खरा धाक हा, की मला दिसलं ते तुला दिसलं नाही, मग माझं खरं मानशील का? रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचताना हे उमगत गेलं. रोजचं घर, रोजची माणसं, आणि त्यांच्यामधल्या फटीतून शिरणारं काहीतरी. नारायण धारपांचे ‘समर्थ’ मी झपाटल्यासारखे वाचलेत. अशुभाशी झुंजायला तिथं एक अधिकारी पुरुष उभा असतो, आणि वाचकाला त्याचा आधार वाटतो.

तसा आधार मी देऊ शकत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. २०१५च्या फेब्रुवारीत गोविंद पानसरेंवर याच कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. इथं बसून भूत लिहिणाऱ्यानं देवरशाला तारणहार करायचं, हे मला पटत नाही. भीतीची गोष्ट सांगणं वेगळं आणि घाबरलेल्या बाईला अंगारेधुपारे करणाऱ्याच्या दारात नेणं वेगळं. माझ्या कादंबरीत सासू तिला न्यायला निघते, तेव्हा नवरा उंबऱ्यात आडवा उभा राहतो. त्याचा भुतावर विश्वास नाही. बायकोवर बसायला लागलाय.

शेवटच्या प्रकरणात तो तिला घेऊन पुन्हा कठड्याशी जातो. तंबू उतरवायला सुरुवात झालेली असते, निम्मे दिवे गेलेले. तो नोट बाहेर धरतो आणि विचारतो, “आता कुठं हाय त्यो?”

“तुमच्या डाव्या अंगाला. नोट सोडू नगासा.”

त्याला तो स्वार अखेरपर्यंत दिसू द्यायचा नाही, एवढं मी पक्कं केलंय.