जबलपूरची जमीन आणि सायकलच्या वाटा

॥ श्री ॥
जबलपूर

चि. भाच्यास,

पुण्याहून निघणाऱ्या मंडळींत नवखे, सरावलेले आणि कसलेले असे तिन्ही प्रकारचे सायकलस्वार असले, तर त्या सर्वांना जबलपूरभोवती पुरेशा कच्च्या वाटा मिळतील काय, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हे उत्तर किलोमीटरांच्या हिशेबाने न देता जमिनीच्या हिशेबाने द्यावे लागते. सह्याद्रीच्या मानाने येथील चढउतार किरकोळ आहेत, कारण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर वसलेले असून लगतच्या टेकड्या त्याहून फार तर शंभरेक मीटर उंच आहेत. परंतु ग्रॅनाइट, संगमरवर, चुनखडक, बेसाल्ट आणि नदीचा गाळ असे पाच निरनिराळे थर येथे इतक्या जवळजवळ उघडे पडलेले आहेत की, एकाच सकाळी स्वाराच्या चाकाखालची जमीन दोनतीनदा बदलते आणि तिच्याबरोबर वाटेची अवघडताही बदलते.

माउंटन बायकिंग, म्हणजे रुंद व खोल खाचांच्या टायरची आणि बहुधा धक्के शोषणाऱ्या सस्पेन्शनची सायकल डांबर सोडून माती, मुरूम व खडकांवरून चालवणे, हा प्रकार १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात रूढ झाला. तेथील रीपॅक नावाच्या उतारावर १९७६ मध्ये शर्यती सुरू झाल्या, १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास याच कामासाठी सायकल घडवली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. खेळ पसरला तशी एकाच वाटेवर उतरणाऱ्या कसलेल्या आणि नवख्या स्वारांची सांगड घालण्याची गरज भासू लागली. त्यातून १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने वाटांच्या श्रेणी ठरवून दिल्या. हिरव्या वर्तुळाने दर्शवलेली सोपी वाट किमान ९० सेंटिमीटर रुंद असते, तिचा सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आत असतो, म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात ती पाच मीटरहून अधिक चढत नाही, आणि तिच्यावरील न टाळता येणारे अडथळे ५ सेंटिमीटरहून उंच नसतात. निळ्या चौकोनाच्या वाटेसाठी हीच मापे ६० सेंटिमीटर, १० टक्के आणि २० सेंटिमीटर अशी आहेत, तर काळ्या हिऱ्याच्या वाटेसाठी ती ३० सेंटिमीटर, १५ टक्के आणि सुमारे ३८ सेंटिमीटर अशी आहेत.

या मापांनी पाहता नवख्यांसाठी योग्य जागा म्हणजे विमानतळाच्या वाटेवरील डुमना निसर्ग उद्यान होय. महानगरपालिकेच्या अखत्यारीतील हे सुमारे १०५८ हेक्टरांचे जंगल खंदारी जलाशयाभोवती पसरलेले असून तो जलाशय १८८३ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. येथील रुंद, दाबून बसलेल्या आणि सौम्य चढाच्या वाटांवर गिअर केव्हा बदलावा, उतारावर शरीराचा भार मागे कसा न्यावा आणि पुढचा ब्रेक एकाएकी का दाबू नये, हे प्राथमिक धडे मुलांनाही गिरवता येतात. तथापि या जंगलात चितळ, रानडुकरे आणि बिबटे यांचा वावर असल्यामुळे ठरवून दिलेल्या वेळा पाळणे, मुख्य वाट न सोडणे आणि लहानांना टोळीच्या मध्ये ठेवणे हे नियम तेथे चढाच्या टक्क्यांइतकेच महत्त्वाचे ठरतात.

सरावलेल्या स्वारांनी ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट असा नर्मदेच्या प्रवाहाच्या दिशेने जाणारा पट्टा निवडावा. या वाटा सायकलसाठी बांधलेल्या नसून गुराखी, शेतकरी आणि नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणारे परिक्रमावासी यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. नदीने आणून टाकलेला गाळ पावसाच्या पाण्याने जागोजागी चिरला गेल्यामुळे त्यांवर लांब चढ क्वचितच लागतो, पण नाल्यात झपकन उतरून लगेच वर येण्याचे आखूड, तीव्र प्रसंग वारंवार येतात. अशा ठिकाणी शक्तीपेक्षा वेळेवर गिअर हलका करण्याची सवय कामी येते, आणि वाळूत चाक रुतू लागल्यास टायरमधील हवा थोडी कमी केल्याने जमिनीशी त्याचा स्पर्श वाढून पकड सुधारते. भेडाघाटाला पोहोचल्यावर मात्र सायकल बाजूला ठेवावी. संगमरवरी कड्यांच्या काठाची आणि धुआँधार धबधब्याच्या तुषारांनी ओली झालेली गुळगुळीत फरशी कोणत्याही श्रेणीत बसत नाही.

कसलेल्या स्वारांचे खरे मैदान मदनमहालच्या टेकड्या हे आहे. येथील ग्रॅनाइट सांध्यासांध्यांतून कुजत जाऊन गोल दगडांचे ढीग मागे उरले आहेत आणि २२ मे १९९७ च्या भूकंपातही न ढळलेली सुप्रसिद्ध तोलशिळा हे त्याच झिजेचे फळ आहे. कोरड्या ग्रॅनाइटवर टायर उत्तम पकड घेतो. परंतु त्याच खडकाच्या झिजेतून सुटलेली जाड रेती पातळ थराने वर पसरली की तीच पकड अचानक नाहीशी होते, आणि बहुतेक पडझड अशा वळणांवर होते. येथील अनेक पायवाटा उतार सरळ कापत खाली येतात. वाट आखण्याच्या शास्त्रातील सर्वमान्य नियम असा की, वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच वाहू लागते आणि काही पावसाळ्यांत तिची घळ होते. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या टेकड्यांवरील अतिक्रमणे हटवण्यात आली असल्यामुळे मोकळ्या झालेल्या उतारांना हा नियम विशेष लागू पडतो. तेव्हा घळीत उतरण्याचा मोह टाळून खडकाळ वाटेवरच राहणे, आणि मदनमहाल किल्ल्याच्या पायऱ्यांवर सायकल मुळीच न नेणे, हे कौशल्याचेच लक्षण मानले पाहिजे.

एक टेकडी मात्र सर्वांनीच वगळावी. १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन याला बडा सिमला टेकडीच्या परिसरात काही अश्मीभूत हाडे सापडली. पुढे १८७७ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ रिचर्ड लायडेकर याने त्यांना टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिले आणि भारतातील डायनासोरांच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. ही हाडे ज्यात सापडली तो, लम्हेटा या नावाने जगभर ओळखला जाणारा ठिसूळ थर चाकांच्या घर्षणाने झिजतो. शिवाय या टेकडीच्या बाजूला १९०४ च्या गन कॅरेज फॅक्टरीसारख्या संस्थांमुळे संरक्षण खात्याची पुष्कळ जमीन आहे आणि तिच्यावर परवानगीवाचून पाऊल टाकणे बेकायदा आहे.

ऋतूचा विचार सर्वांत शेवटी येत असला तरी निर्णय त्यावरच ठरतो. जबलपुरात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. बेसाल्टपासून बनलेली काळी माती ओली झाली की फुगते, टायर आणि फोर्क यांच्यामध्ये थापली जाऊन चाक अडवते, आणि त्या स्थितीत उमटलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यापर्यंत घट्ट होऊन राहतात. म्हणून एकाच वाटेला डिसेंबरात हिरवी आणि ऑगस्टात काळी श्रेणी द्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ मिश्र टोळीसाठी योग्य होय.

तात्पर्य, जबलपूरला उणीव टेकड्यांची नाही, वाटांची माहिती देणाऱ्या फलकांची आहे. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी तिची श्रेणी, लांबी आणि बंद राहण्याचे महिने सांगणारा साधा फलक महानगरपालिकेने उभारला, तर नवे बांधकाम न करताही हे शहर मध्य भारतातील सर्व क्षमतांच्या स्वारांसाठी खुले होऊ शकेल. तोपर्यंत टोळीची वाट सर्वांत कच्च्या स्वाराला झेपेल अशीच ठरवावी, हेल्मेट आणि जादा ट्यूब प्रत्येकाजवळ असावी, आणि परिक्रमावासी समोर आला तर सायकलवरून उतरून त्याला आधी वाट द्यावी.



तुझा मामा