परतीचा पोर्ट

जेमीटर या लोड टेस्टच्या साधनाने डिस्ट्रिब्युटेड टेस्ट लावताना पोर्ट १०९९ सगळेच उघडतात. घोडं अडतं ते परतीच्या वाटेवर. कंट्रोलर लोड टाकणाऱ्या वर्करला गाठून टेस्ट प्लॅन देतो, पण निकाल पोचवायला वर्करच उलट कंट्रोलरकडे जोडणी मागतो, आणि नेमून दिला नसेल तर तो पोर्ट दर वेळी वेगळा असतो. मग कंट्रोलरवर ‘टेस्ट सुरू’ दिसतं, रिपोर्ट कोरा राहतो आणि वर्करच्या लॉगमध्ये टाइमआउटच्या ओळी साचतात. कंट्रोलरवर क्लायंटच्या आरएमआय लोकलपोर्टला २५००० दिला की २५००० ते २५००२ एवढे तीनच पोर्ट उघडावे लागतात. वर्करचा पोर्टही असाच बांधावा, पण पन्नास हजारांच्या घरातला घेऊ नये. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना एरवी ३२७६८ ते ६०९९९ मधलेच आकडे वाटतो, आणि भर टेस्टमध्ये वर्कर तशा हजारो जोडण्या करत असतो.

एवढी यातायात कशाला, टेस्टपुरता फायरवॉल बंद करा, असं सर्रास सांगितलं जातं. घाई खरी असते, हे मान्य. पण वर्कर समोरून आलेला प्लॅन, त्यातल्या कोडसकट, मुकाट चालवतो. २०१८ साली ४.० आवृत्तीपासून ही जोडणी एसएसएलने बांधली गेली, ती याच धोक्यामुळे. आज ते एसएसएलही ‘अडचण’ म्हणून बंद केलं जातं. हा आळस आहे, आणि मला त्याचा राग येतो. लोकस्ट या दुसऱ्या साधनात वर्करच मास्टरच्या ५५५७ पोर्टवर येऊन जोडले जातात, म्हणून त्याची मांडणी सोपी, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

२०२० नंतर घरून काम वाढलं आणि हा प्रश्न आणखी चिवट झाला. कर्जत किंवा खोपोलीत मोबाइल डेटावर कंट्रोलर चालवला, तर लॅपटॉपचा फायरवॉल कितीही नीट लावा, वर्कर परत पोचत नाही. कारण मधला सामायिक पत्ता मोबाइल कंपनीच्या ताब्यात असतो. परतीच्या वाटेचं महत्त्व खोपोलीतच दिसतं: १९१५ पासून चालणाऱ्या तिथल्या वीजकेंद्रात चाक फिरवून झालेलं पाणी पाताळगंगेत जातं. ती वाट तुंबली तर वरून कितीही पाणी आणा, चाक बुडणारच. म्हणून कंट्रोलर वर्करांच्याच सबनेटमध्ये ठेवावा आणि घरून फक्त एसएसएचने त्यावर जावं. पडद्यावरचे आलेख हुकतात, ही तक्रार लंगडी आहे. खऱ्या लोडला जीयूआय वापरूच नये. फायरवॉल चालू ठेवून, मोजक्या नियमांत टेस्ट पार पाडणं हीच या कामातली कारागिरी. नियमांची ती आखूड यादी नव्या मुलांपुढे ठेवताना मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.