बाबांची गाडी, नाना पेठ आणि थर्ड गिअर

शनिवार म्हणजे एफसी रोड, नाहीतर एखादा मॉल, संध्याकाळी कुणाच्या तरी टेरेसवर गिटार... आपल्या सगळ्यांचं हे ठरलेलं असतं. मी मात्र गेल्या महिन्यातले सलग दोन शनिवार नाना पेठेत काढले. तेही बाबांसोबत! फॅमिली बाँडिंग वगैरे अजिबात नाही. आमच्या गाडीचा गिअर रुसला होता.

गाडी २००४ची. मी तेव्हा शाळेत होते. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं, पाच वर्षांनी पुन्हा एकदा. यंदा वाईला जाताना खंबाटकीच्या चढावर मात्र तिने मान टाकली. थर्डमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन किंचाळायचं, पण स्पीड काही वाढायचा नाही. वर जळका वास. मग एका चकाचक सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या मुलाने पंधरा मिनिटांत निकाल दिला, ‘गिअरबॉक्स गेलाय, सर. स्क्रॅप करून टाका.’ एस्टिमेट गाडीच्या रिसेल किमतीपेक्षा जास्त! बाबा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी डॅशबोर्डवरचा गणपती काढला आणि शोकेसमध्ये ठेवला. बस्स, एवढंच. पण ते बघून मला कसंतरीच झालं.

मग नाना पेठ. क्वार्टर गेटकडून आत शिरलं की रबर, ग्रीस आणि उदबत्तीचा एकत्र वास येतो. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. इथेच पारशांची अग्यारी आणि इथेच निवडुंग्या विठोबाचं देऊळ. तुकोबांची पालखी पुण्यात आली की मुक्कामाला याच देवळात असते. आणि या सगळ्याच्या मधोमध शॉक ॲब्सॉर्बर, हेडलाइट, सायलेन्सर, बेअरिंग छतापासून फूटपाथपर्यंत लटकलेलं. दुकानं एवढी चिंचोळी की काउंटरवरचा माणूस आणि गिऱ्हाईक दोघं मिळूनच ‘हाउसफुल्ल’. पार्किंगचं म्हणाल, तर विसरा. पण गंमत बघा, तुम्ही गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, माणूस मान वर न करता विचारतो, ‘पेट्रोल ना? सप्टेंबरच्या आधीची की नंतरची?’

आम्हाला ज्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे पाठवलं, त्यांना सगळे ‘चाचा’ म्हणतात. चाचांनी बॉनेट उघडलंच नाही! हँडब्रेक खेचला, इंजिन चालू केलं, थर्ड टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. धडधाकट गाडी अशा वेळी गचका देऊन बंद पडते. आमची मजेत चालू राहिली. चाचा म्हणाले, ‘साहेब, डबा एकदम ठीक आहे. क्लच प्लेट घासली. इंजिन फिरतं, ताकद चाकापर्यंत पोचत नाही.’ बाबांचा चेहरा त्या क्षणी बघायला हवा होता.

पुढचा तास म्हणजे माझ्यासाठी फुकटातला क्रॅश कोर्स. आपण सगळं मिळून ‘गिअरचा प्रॉब्लेम’ म्हणतो, पण दुखणी वेगवेगळी असतात. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग बघायचं. दाबल्यावर घरघर थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. सेकंड टाकताना खर्रकन् आवाज येतो? सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असू शकते. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येत असेल, तर मात्र डबा खरंच उघडावा लागतो. आणि गिअर ऑइल! इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअर ऑइलची आठवण कुणालाच नसते. सील गळलं की ते थेंब थेंब जातं आणि आतले दात कोरडे पडतात. सिग्नलला क्लचवर पाय ठेवून व्हॉट्सॲप बघणाऱ्यांनी (हात वर करा!) चाचांचं लेक्चर जरूर ऐकावं. हाफ क्लच ही सवय प्लेटला खाते.

खरेदीला बाबाच पुढे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम. कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची. प्लेट आज आणि बेअरिंग सहा महिन्यांनी म्हणजे तीच मजुरी डबल. डुप्लिकेट मालाचा बॉक्ससुद्धा इतका झकास छापलेला असतो की मी हमखास फसले असते. बाबांनी दोन दुकानांतल्या प्लेटा हातात तोलल्या, रिव्हेट बघितले, बिल पक्कं मागितलं. ऑफिसातून रिटायर झाल्यापासून इतक्या ठसक्यात बोलताना मी त्यांना ऐकलंच नव्हतं. फ्लायव्हीलचं फेसिंग धरूनही सगळा खर्च त्या टायवाल्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाएवढा झाला नाही.

दुसऱ्या शनिवारी गाडी ताब्यात आली. चाचांनी बजावलं होतं, सुरुवातीला दामटवू नका. म्हणून आरामात हडपसरवरून दिवे घाटात. मी चालवत होते, बाबा शेजारी. चढ लागल्यावर त्यांनी एसी बंद करायला लावला, मग रेडिओ, मग काचा वर. खाली मस्तानी तलाव दिसत होता. मी ‘बघा ना’ म्हटलं, तर बोट ओठांवर ठेवून म्हणाले, ‘थांब गं, थर्डचा आवाज ऐकू दे.’