फुकट आणि मुक्त

मराठीत ‘फुकट’ या शब्दाला मान नाही. ज्या आज्ञावलीला पैसे पडत नाहीत ती उणीच असणार, असे स्टाफरूममध्ये सहज गृहीत धरले जाते. इंग्रजीत विनामूल्य आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने, १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना मुद्दा किमतीचा नसून स्वातंत्र्याचा आहे, हा खुलासा वारंवार करावा लागला. आपल्याकडे ‘मुक्त’ हा वेगळा शब्द आहेच. मुक्त आज्ञावली वापरता येते, तिची रचना अभ्यासता येते, ती बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते.

हा भेद आम्हाला तत्त्वचर्चेतून नव्हे, ओव्यांमुळे उमगला. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांनी दारव्हा, पुसद, वणी या भागांतून जात्यावरच्या ओव्या आणि तांड्यावरची गोरमाटी गाणी उतरवून आणली होती. ते संकलन एका डीटीपी केंद्रात, विकतच्या फाँटमध्ये टाइप झाले. पुढे केंद्र बंद पडले आणि फाँटसोबतचे लॉकही चालेनासे झाले. फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. गाणाऱ्यांपैकी काही जणी तोवर निवर्तल्या होत्या. पुन्हा जाऊन विचारण्याची सोय उरली नव्हती.

हा बिघाड नव्हता; रचनाच तशी होती. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. डोळ्यांना ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी तेथे ‘क’ नसेच. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी. म्हणजे मजकूर आपला, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. त्यात ‘क’चा क्रमांक ०९१५, तो यवतमाळात जो, तोच जगात सर्वत्र.

आमचे संकलन परत मिळाले ते एका मुक्त परिवर्तकामुळे. त्यातील नियमांची यादी उघडी होती, म्हणून आमच्या फाँटपुरती ती आम्हाला दुरुस्त करता आली. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवला जाई. उच्चारक्रमाने त्यांची जागा बदलावी लागली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील र वेगळा राखावा लागला. विद्यार्थ्यांनी हस्तलिखित वह्यांशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. पाठचिकित्सेचा तास याहून चांगला आम्ही कधी घेतला नव्हता.

आता ते संकलन लिबरऑफिसमध्ये आहे. शब्द शोधता येतो, सूची करता येते. सूचीतही एक गंमत आहे. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर. मराठीचा हा क्रम युनिकोडच्या खुल्या भाषाभांडारात कोणीतरी नोंदवला आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानली. तरी अनेक फाँट हिंदी वळणेच दाखवतात. रेड हॅटचा ‘लोहित’ किंवा ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ यांचे परवाने बदलाची मुभा देतात. केरळात ‘रचना’ चळवळीने टंकयंत्रापायी तोडलेली मल्याळम जोडाक्षरे संगणकावर परत आणली, आणि तो फाँट पुढे मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. लिपीचा निर्णय भाषिकांच्या हाती राहू शकतो, याचे ते उदाहरण.

विकतच्या साधनांची निंदा करण्याचे कारण नाही. सुबक पृष्ठरचनेसाठी अनेक मुद्रक आजही जुनेच फाँट वापरतात, आणि त्यांचे काम देखणे असते. पण छापणे वेगळे, जपणे वेगळे. म्हणून सहकाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: प्रबंध असो, बोलीभाषेचा शब्दसंग्रह असो वा ओव्यांचे संकलन, छापील प्रतीसोबत युनिकोडमधील मूळ फाइल ग्रंथालयात जमा करून घ्यावी. त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला कोणाकडे किल्ली मागावी लागणार नाही.