पाच काडतुसे

एन.सी.सी.च्या शिबिरात आम्हां छात्रसैनिकांच्या वाट्याला पाचच काडतुसे येत आणि त्यांवर संघातील निवड ठरे. एखादी गोळी मध्यबिंदूत शिरली की टाळ्या पडत. उस्ताद मात्र पाचही छिद्रे किती लगत पडली, एवढेच पाहत. आम्हांस त्यांचेच पटते. पुंजका डावीकडे पडला, तर रायफलीची माशी सरकवून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेल्या छिद्रांना इलाज नाही. म्हणून अर्धा श्वास सोडून थांबायचे, लक्ष्य धूसर दिसले तरी नजर माशीच्या टोकावर ठेवायची, घोडा हळूहळू दाबायचा. हिसका बसला की नळी ढळते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते ५० मीटरवरील १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळावर नेम धरून. आमचे अंतर जेमतेम २५ यार्ड. तेथेही हात कापत.