कमिटी हॅज की हॅव?

माजिवड्यात टॉवर वाढले तसा आमच्या सोसायटीत मल्याळी, गुजराती, बंगाली शेजार जमला आणि नोटिसा इंग्रजीत निघू लागल्या. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, म्हणून मसुदे तपासायला माझ्याकडे येतात. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा उरकायची असते. त्या दिवसांत सेक्रेटरींचा ठरलेला प्रश्न असतो, ‘सर, द कमिटी हॅज डिसायडेड लिहू की हॅव?’

दोन्ही चालतं. पण हे उत्तर कुणालाच रुचत नाही. मार्कांवर वाढलेल्या माणसाला एकच बरोबर उत्तर लागतं.

मराठीत ही पंचाईत नाही. ‘समितीने ठरवलं’ म्हणताना ‘ने’ लागतो आणि क्रियापद समितीकडे बघतच नाही; आत सात जण असोत की सतरा, ‘ठरवलं’ जागचं हलत नाही. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या इंग्रजी मजकुराचीही अशीच सुटका झालीय. 73 वं कलम संस्थेचा कारभार समितीकडे सोपवतं ते ‘शॅल’ लावून, आणि शॅलला वचन नसतं! आमच्या नोटिशीला मात्र ‘हॅज’ची वेस ओलांडावीच लागते.

मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या पी. सी. रेन यांचं, मार्टिन यांच्यासोबतचं व्याकरण आपल्याकडे घरोघर आहे. समूह एक म्हणून वागला तर एकवचन, त्यातली माणसं वेगवेगळी दिसली तर अनेकवचन, हा भेद त्यात आहे. क्रिकेटच्या बातमीत ‘इंडिया हॅव वन’ असतं. करारावर सही करणारा देश मात्र ‘हॅज’. अमेरिकेत सहसा दोन्हीकडे ‘हॅज’च.

मी नोटिशीत ‘हॅज’ ठेवतो, कारण तिथे समिती एका तोंडाने बोलते. इतिवृत्ताचं वेगळं. लिफ्टच्या ठेक्यावरून दोन तट पडले असतील, तर ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड’. तिथे ‘वॉज’ लिहिलं तर कुणीतरी समितीचीच वाटणी केली असं मला वाटतं. व्याकरण ‘वॉज’ला हरकत घेत नाही, माझा कान घेतो, आणि कान सरावानेच तयार होतो.

इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 सालीच बजावलं होतं, निवड तुमची, पण एकदा केलीत की पाळा. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, ‘हॅज’ लिहिलंत तर पुढे ‘इट्स’, ‘हॅव’ लिहिलंत तर ‘देअर’. एका वाक्यात दोन्ही नकोत.