आई कुठंय हिची?

बायकोला बँकेत बढती मिळाली तेव्हा माझ्या ऑफिसात पेढे मीच वाटले. पेढ्यांच्या मागोमाग महिनाभराचं प्रशिक्षण आलं, तेही मुंबईत. आम्ही नागपूरला, मुलगी दीड वर्षाची. "जा तू बिनधास्त, मी आहे ना," असं मी म्हणून बसलो. 'मी आहे' यात काय काय येतं, ते तिची गाडी सुटल्यावर एकेक करून समोर यायला लागलं.

"पोर झोपली की नीघ, उगाच रडारड नको," असा सासूबाईंचा फोनवरून सल्ला होता. बायकोने तो मानला नाही. रात्रीची दुरांतो होती. निघताना तिने ईराला कडेवर घेऊन सांगितलं, "आई गाडीत बसून भुर्र जाते, मग परत येते." ईराने असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मला सासूबाईंचंच पटलं होतं. पण या वयातल्या मुलाला आई दिसली नाही तरी ती कुठंतरी आहे हे कळतं, कधी येणार ते मात्र कळत नाही, असं आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नंतर समजावलं. साधारण १० ते १८ महिन्यांत ही धास्ती सगळ्यात जास्त असते. न सांगता गेलेली आई परत आली, तरी मूल पुढे तिला नजरेआड होऊ देत नाही.

जेवणाचं गणित तर मला सुटेचना. पोळीचा तुकडा करून दिला की "अक्की" हवी. अख्खी दिली की ती माझ्या हातात कोंबून "तोल". तोडली, की तोडलेली पोळी पुन्हा जोडून द्या म्हणून जमिनीवर लोळण. शेवटी मऊ भात, वरण आणि वर तूप एवढ्यावर आमचा तह झाला. त्यातलाही निम्मा भात केसांत जायचा.

व्हिडिओ कॉलने बरं वाटेल, असं आम्हा दोघांना वाटलं होतं. ईराने फोनवर आईला पाहिलं, हसली, मग फोन उलटा करून मागची बाजू नीट तपासली. तिथे आई नव्हती. त्यानंतरचा अर्धा तास सांगण्यासारखा नाही. मग बायकोनेच तोडगा काढला. 'बोल, आईशी बोल' बंद. ईराच्या जेवणाच्या वेळी फोन समोर उभा करायचा आणि तिकडे तिने आपलं ताट घेऊन बसायचं. दोघी जेवायच्या, फारसं कोणी बोलायचं नाही, आणि फोन ठेवताना रडणंही नसायचं.

याच महिन्यात तिची लस आली. राष्ट्रीय वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओचा डोस आणि गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा असते. माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आल्यावर सिस्टरांनी आधी माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "आई कुठंय हिची?" मुंबईला म्हटल्यावर त्यांनी ताप येईल, गाठ येईल, चोळू नका, हे सगळं मला दोनदा सांगितलं.

रात्री अंग तापलंच. फ्रिजवर बायकोची चिठ्ठी होती : 'ताप आला तर सिरप ५ मिली.' घरातली बाटली संपली होती, म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवी आणली. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचा पहिला प्रश्न, "वजन किती?" कार्डावर त्याच दिवशी लिहिलेलं होतं, १० किलो. दुसरा प्रश्न, "बाटलीवर १२५ लिहिलंय की २५०?" हे मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल, तर तिला ५ मिली ठीक. पण मी आणलेलं होतं २५०चं, म्हणजे अडीच मिली पुरे. चिठ्ठी बरोबर होती, फक्त ती जुन्या बाटलीची होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मागायला गेलो, तर साहेबांनी विचारलं, "घरी आजी नाही का?" तोच सिस्टरांचा प्रश्न, फक्त नातं बदलून. नियमही तोच प्रश्न विचारतात. मी केंद्र सरकारी नोकर. आम्हाला पितृत्व रजा १५ दिवस, तीही मूल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत संपवायची. बालसंगोपन रजा अख्ख्या नोकरीत ७३० दिवसांची आहे, पण ती महिलांना आणि एकट्या पुरुषाला. ज्याची बायको आहे आणि फक्त घरी नाही, असा बाप त्या नियमात बसत नाही. मी अर्जित रजा टाकली. उरलेले दिवस पाळणाघर आणि खालच्या काकू यांच्यावर निघाले.

ईराने मात्र मला 'आई कुठंय' हे दिवसातून एक-दोनदाच विचारलं. बाकी वेळ तिला तिचा भात हवा होता, झोपताना पाठीवर हात हवा होता आणि कूलरच्या पाण्यात बोट घालू देणारं कोणीतरी हवं होतं. आईची नक्कल करणारा बाप तिने मागितलाच नव्हता. तो बाकीच्यांना हवा होता.

दोन-तीन वर्षांच्या आतलं मूल घरी असलेल्या बापांना एवढंच सांगतो. बायको गावाला जायची वाट पाहू नका. मुलाचं आजचं वजन आणि घरातल्या सिरपच्या बाटलीवरचा आकडा, या दोन गोष्टी आज रात्रीच बघून ठेवा.